रोवण्यातली साक्ष

शेवंताबाईंवर दिवाळी अंकासाठी लिही, असं आमच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं, तेव्हा मी आधी शेवंताबाईंनाच विचारलं. त्या केंद्राच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "लिही ना. पण मले देवी नको करू. आन् वाचणाऱ्याले मी मेली असं वाटल, तसं बी नको लिहू."

मी प्रयत्न करते. मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आई-बाबांना माझं मार्कशीट वाचता येत नाही, पण ते त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागं ठेवलं आहे. बाबा तलावात मासे धरतात. मी चंद्रपूरला हॉस्टेलवर राहते आणि शनिवार-रविवार आणि सुट्टीत पोंभुर्ण्याकडं शेवंताबाईंच्या केंद्रावर काम करते. पहिल्या वर्षाला एका प्रकल्पासाठी पंधरवड्याकरता गेले होते. आता शेवटच्या वर्षाला आहे. शेवंताबाई मला नावानं हाक मारत नाहीत. 'ए कॉलेज' म्हणतात.

केंद्र म्हणजे आठवडी बाजाराच्या मागची एक खोली. दोन चटया, एक कपाट, एक माठ. काम काय, असं माझ्या मैत्रिणी विचारतात. खरं सांगायचं तर बसणं हेच काम. पोलीस स्टेशनात बसणं, सरकारी दवाखान्यात बसणं, एसटी स्टँडवर बसणं. बाई येते, तिला आधी पाणी द्यायचं. काय झालं, असं विचारायचं नाही. ती स्वतःच सांगते, कधी तासानं, कधी तिसऱ्या खेपेला. मग समोरच्यांना बोलवायचं, दोघांचं ऐकायचं. मारहाण असेल तर दवाखाना आणि पोलीस आधी, बोलणी मग. बाजारातले काही पुरुष आमच्या खोलीला 'घरफोड केंद्र' म्हणतात. एकदा एकानं दारावर खडूनं तसं लिहिलंही होतं. शेवंताबाईंनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, राहू दे, पत्ता शोधायले सोपं जाईल.

एक बाई दर बाजाराच्या दिवशी यायची. भाजीची टोपली दाराशी ठेवायची, भिंतीकडं तोंड करून चटईवर झोपायची आणि तासाभरानं उठून जायची. मी नवीन होते. हिची तक्रार काय म्हणून नोंदवू, असं विचारलं. "झोप," शेवंताबाई म्हणाल्या. "घरी झोपू देत नाई तिले." तिनं शेवटपर्यंत दुसरी काही तक्रार केली नाही. पुढं ती यायची बंद झाली. का, ते आम्हाला कळलं नाही. या कामात असं अर्धवट फार राहतं.

एकदा एक भाऊ स्वतःच तक्रार घेऊन आले. बायको बोलत नाही म्हणाले. कधीपासून, तर एक दिवस हात उचलला तेव्हापासून. शेवंताबाई त्यांना चहा देत म्हणाल्या, "तुमचा हात बोलला ना भाऊ, मंग तिच्यासाठी बोलाचं काय उरलं?" ते चहा न पिता गेले. मला हसू आलं होतं. शेवंताबाईंना आलं नव्हतं.

त्यांचं स्वतःचं त्या फारसं सांगत नाहीत. सातवी शिकल्या, लग्न झालं, बालवाडीत शिकवलं. गावातली हातभट्टी बंद करायला म्हणून सगळ्या बाया एका सकाळी देवळापाशी जमणार होत्या. त्या सकाळी एकट्या शेवंताबाईच पोहोचल्या. त्या तरीही गेल्या. मडकी फोडली, मार खाल्ला, आणि घरी आल्या तर नवऱ्यानं दाराला आतून कडी घातली होती. ती कडी पुन्हा निघाली नाही.

आणखी एक गोष्ट मला दुसऱ्यांकडून कळली. पोंभुर्ण्याहून एका रस्त्यानं जाताना शेवंताबाई नेहमी एसटीच्या डाव्या बाजूला बसतात आणि येताना उजव्या. उलट बाजूला एक विहीर दिसते. फार वर्षांपूर्वी रंजना नावाची एक मुलगी माहेरी पळून आली होती. शेवंताबाईंनी दोन्हीकडच्यांना बसवून समझोता केला आणि तिला सांगितलं, एक बार अजून जाऊन पाह्य. ती गेली. आठ दिवसांनी त्या विहिरीत सापडली. तेव्हापासून शेवंताबाई कोणत्याही बाईला 'परत जा' म्हणत नाहीत. बाहेर काढायचं, आधी जीव वाचवायचा, ही त्यांची रीत झाली.

पारबताबाईच्या बाबतीत ही रीतच आडवी आली. आता तिचंच सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत.

पारबताबाई पंचेचाळिशीची, विधवा. मूलबाळ नाही. घरं तलावाच्या काठाला, सगळी मासेमारीवर आणि थोड्या धानावर जगणारी. आमच्यासारखीच. ती तलावावरून मासे घेऊन बाजारात विकायची. नवऱ्यामागं एक लहानशी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, तिच्या वाट्याला आली होती. ती भासऱ्याच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, डोळ्यात खुपत होती.

मी पहिल्या वर्षाला होते त्या उन्हाळ्यात तलाव फार आटला आणि एका सकाळी मासे उलटे होऊन वर आले. आटलेल्या गरम पाण्यात मासे मरतात. माझ्या बाबांना हे माहीत आहे, त्या गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण त्याच आठवड्यात भासऱ्याचा नातू तापानं गेला. मग बाहेरगावचा एक मांत्रिक बोलावला गेला आणि त्यानं पारबताबाईच्या घराकडं बोट दाखवलं. भर दुपारी तिला ओढत आणून समाजमंदिरासमोरच्या विजेच्या खांबाला बांधलं. केस कापले. काठ्यांनी मारलं. आणखी जे केलं ते तिनं कोर्टात सांगितलं आहे, मी इथं लिहीत नाही. सगळं गाव उभं होतं. कोणीतरी मोबाइलवर काढलंही होतं, पण पोलीस येईपर्यंत ते सगळ्यांच्या मोबाइलमधून गेलं.

शेवंताबाई आणि मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तिचा एक हात प्लास्टरमध्ये होता. ती आम्हाला पहिलं वाक्य काय बोलली, तर, "मले घरी नेऊन द्या."

शेवंताबाईंनी नेलं नाही. दवाखान्यातून तिला सरळ केंद्रावर आणलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. भासरा आणि आणखी तिघांना अटक होऊन ते जामिनावर सुटले. त्यांचा राग निवेपर्यंत हिनं इथंच राहावं, असं शेवंताबाईंचं म्हणणं. पारबताबाई भिंतीला टेकून बसायची आणि रोज एकच विचारायची, कधी जायचं. शेवटी महिन्याभरानं आम्ही तिला सोडायला गेलो. आम्ही गल्लीत शिरलो तशी एकेक दार लागत गेलं. तिच्या घरापुढं राख टाकलेली होती. आत जाऊन तिनं चूल पाहिली. चूल फोडलेली होती.

"तुमी मले नेलं बाई, तवाच मी हारली," ती शेवंताबाईंना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "खरी असती तं पळाली काऊन, असं म्हणून राह्यले ते."

शेवंताबाईंनी तिला पोंभुर्ण्यात खोली बघून देते म्हटलं. वरोऱ्याला ओळखीच्या संस्थेत काम होतं, तेही सांगितलं. पारबताबाई चुलीचे तुकडे गोळा करत होती. नाही म्हणाली. तिला फक्त एक हवं होतं. गावातल्या एका तरी माणसानं कोर्टात उभं राहून सांगायला हवं होतं की हिनं काही केलं नाही, हिला आम्ही बांधलं. तेवढं झालं तर बाया पुन्हा तिला रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, हाक मारतील, असं तिला वाटायचं. आमच्या भागात जिला रोवण्याला कोणी बोलवत नाही, ती बाई गावात असून नसते.

त्या दिवशी परतीच्या एसटीतून उतरताना शेवंताबाई म्हणाल्या, "रंजनाले पाठवाचं नव्हतं, हिले आणाचं नव्हतं. मले उलटंच सुचते का व?"

साक्षीदार कसा मिळवायचा, याची शेवंताबाईंची एक पद्धत आहे. त्या कोणाच्या घरी जाऊन विचारत नाहीत. घरात सासू असते, दारात शेजारी. त्या रोवण्याला जातात. पाऊस लागला, बांध्यांत चिखल झाला, की त्या गावात एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून त्या बायांच्या रांगेत उभ्या राहतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: रोपांना आम्ही पऱ्हे म्हणतो. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी धरायची, उजव्या हातानं चार-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि वाकूनच मागं मागं सरकायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंड पाण्याकडं. कोणाला कोणाचा चेहरा दिसत नाही.

"मान खाली असली का बाई बोलते," शेवंताबाई मला म्हणाल्या होत्या. "समोरासमोर बसवली का पदर चावते."

त्या जुलैत मीही गेले. घरची सवय होती, पण कॉलेजात जायला लागल्यापासून कंबर विसरली होती. बायांनी मला बरंच हसून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, मॅडमच्या ओळीत रेल्वे जाईल. दुसरी म्हणाली, रेल्वे नाई व, तिच्या ओळीतून वरात जाईल. पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी कुणी तरी आपणहून पारबताबाईचं नाव काढलं आणि रांगेतले हात भराभर चालायला लागले. पाण्यात हात घालण्याचा आवाज तेवढा येत होता. मग शेवंताबाईंच्या शेजारची बाई बोलायला लागली.

तिचं नाव मंदा. तिशीची, पारबताबाईच्या घरापासून तिसरं घर. ती सगळं सांगत गेली. कोणी ओढलं, कात्री कोणाची, मांत्रिक कुठं उभा होता. जणू दुसऱ्या कोणाचं ऐकलेलं सांगते आहे, असा आवाज. आणि मग म्हणाली, "दोर आमच्या जाळ्याचा होता. माह्या घरच्यानं नेला. त्याच्या टोकाले हिरवी पट्टी मीच बांधली होती."

मी पऱ्हे खोचायचं थांबले. ती पट्टी काय, ते मला कळलं होतं. जाळं ओढताना नायलॉनचा दोर हात कापतो, म्हणून आमच्या आया त्याच्या टोकाला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळून शिवतात. प्रत्येक घराचा रंग वेगळा. तलावाच्या पाळीवर जाळी वाळत टाकली तर कोणतं कोणाचं ते लांबून कळतं. आमची पट्टी जांभळी आहे.

शेवंताबाईंनी मान वर केली नाही. तशाच वाकलेल्या विचारलं, "पोलिसाले सांगशीन मंदा?"

आम्ही सगळ्या मागं सरकत धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकलो. तिथं सरळ व्हायचं असतं. सरळ होण्याच्या आधी मंदा म्हणाली, "सांगीन."

आणि तिनं सांगितलं. जबाब झाला. पोलिसांनी तिच्या घरून दोर जप्त केला. आरोपींत आता तिचा नवराही आला. पारबताबाईला हे कळलं त्या दिवशी तिनं आम्हाला भाकरी आणि चिंगराचं, म्हणजे बारीक कोळंबीचं, कालवण करून घातलं. फोडलेली चूल तिनं पुन्हा घातली होती. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मधल्या महिन्यांत मंदा आम्हाला भेटली नाही. फोन लागायचा नाही. एकदा बाजारात दिसली, तर तिच्या मागं सासू होती. माझ्याकडं पाहून तिनं वांगी निवडायला घेतली आणि बराच वेळ निवडत राहिली. मी शेवंताबाईंना म्हटलं, हिला बाहेर काढू या. त्या म्हणाल्या, तिनं म्हटलं का? तिनं म्हटलं नव्हतं. तिची दोन लेकरं होती.

साक्षीची तारीख हिवाळा संपता संपता लागली. कोर्टाच्या मानानं लवकरच. मी कॉलेज बुडवून गेले. पारबताबाई नवं लुगडं नेसून आली होती. तिच्या साक्षीला समोरच्या वकिलांनी फार उलटसुलट विचारलं. बांधीचा वाद आहे ना, म्हणून खोटी केस केली ना. ती न डगमगता सांगत राहिली.

मग मंदाची हाक आली. ती वर चढली आणि सरळ उभी राहिली. मला तेव्हा जाणवलं की तिचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदाच नीट पाहते आहे. सीलबंद पुडकं फोडून दोर बाहेर काढला. टोकाला हिरवी पट्टी होती. मळलेली, पण हिरवी. टाके बारीक आणि सारखे. सरकारी वकिलांनी विचारलं, हा दोर ओळखता का.

ती दोराकडं पाहत राहिली. तिचा नवरा मागच्या बाकावर बसला होता.

"नाई वळखत," ती म्हणाली.

मग घटनेच्या दिवशी कुठं होतीस, तर माहेरी. जबाब दिला होता ना, तर पोलिसांनी कागदावर सही घेतली, काय लिहिलं ते मालूम नाही. तिला फितूर म्हणून नोंदवलं. आणखी कोणी साक्षीला आलंच नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर निकाल लागला आणि सगळे सुटले.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या फाटकाबाहेर मी फार चिडले होते. तिनं स्वतःच्या हातचे टाके ओळखले नाहीत, हे मला सहन होत नव्हतं. शेवंताबाई रस्त्याकडं पाहत होत्या. मंदा नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"ती त्याच्या गाडीवर घरी चालली," शेवंताबाई म्हणाल्या. "तू कशानं आलीस?"

मी म्हटलं, एसटीनं.

"मंग झालं."

पारबताबाई आमच्या मागं उभी होती. तिनं फक्त विचारलं की आपली गाडी किती वाजता आहे.

तिनं गाव सोडलं नाही. आजही ती तिथंच आहे. हातपंपावर ती गेली की बाकीच्या आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून बाजूला होतात. त्या तलावाचे मासे तिला कोणी देत नाही. माझे बाबा आमच्या तलावाचे देतात, ते ती बाजारात विकते. तिच्या गावचे लोक तिच्या टोपलीपुढून जातात आणि पुढच्या दुकानातून घेतात. शेवंताबाई अजूनही दर महिन्याला तिला विचारतात, येतेस का. रीत सुटत नाही. ती अजूनही नाही म्हणते.

या जुलैत तिच्या बांधीत रोवायला कोणी येणार नव्हतं, म्हणून आम्ही दोघी गेलो. आम्ही तिघींनीच रोवायला घेतलं. तीन बायांनी रोवणं म्हणजे बांधी संपतच नाही. धुऱ्यापलीकडच्या बांधीत गावच्या बायांची टोळी होती. बारा-पंधरा जणी, गाणं चाललेलं. आम्हाला पाहून गाणं थांबलं नाही. ते बरं वाटलं की वाईट, मला सांगता येत नाही.

त्या त्यांच्या टोकाकडून मागं सरकत येत होत्या, आम्ही आमच्या. दुपार कलताना दोन्ही रांगा धुऱ्याच्या जवळ आल्या, मधे हातभर माती, पाठीला पाठ. गाणं संपलं होतं. माझ्या मागून, अगदी जवळून, एक आवाज आला. मोठा नव्हता, पण तिच्या रांगेतल्या बायांनाही ऐकू जाईल असा होता.

"काकू, तो दोर माह्या हातचा होता."

कोणीच सरळ झालं नाही. त्या रांगेतही नाही, आमच्यातही नाही. माझा हात चिखलात तसाच राहिला. पारबताबाईनं खोचायला घेतलेल्या चार काड्या खोचल्या. मग म्हणाली, "मले काऊन सांगतं व मंदे. मले मालूम हाये. बांधली तं मलेच होती."

थोड्या वेळानं पऱ्ह्यांची एक जुडी धुऱ्यावरून आली आणि आमच्या पाण्यात पडली. आमच्याजवळचे पऱ्हे कमी पडत होते, हे त्यांना दिसलं असणार. मी उचलायला हात पुढं केला, तर शेवंताबाईंनी कोपरानं ढोसलं. मी हात मागं घेतला. पलीकडची टोळी दुसऱ्या बांधीकडं गेली. जुडी तिथंच तरंगत राहिली.

मी हळूच विचारलं, हे आता कोणाला सांगता येईल का, वकिलांना, कोणाला तरी.

"कोणाले सांगशीन?" शेवंताबाई म्हणाल्या. "तिथं कोर्टात मान वर करून सांगा लागते."

दिवस मावळायला आला तशी आम्ही दोघी धुऱ्यावर बसून पायाचा चिखल धुऊ लागलो. पारबताबाई अजून बांधीतच होती. पऱ्हे वाया घालवणं आमच्याकडच्या कोणत्याच बाईला जमत नाही. तिनं ती जुडी उचलली, दोन्ही हातांनी तिची गाठ सोडली, आमच्या ओळी होत्या तिथून दूर गेली आणि बांधीच्या पार कोपऱ्यात, एकटीनंच, वेगळी रोवली.